तांब्याच्या खोलीतला सुळका

नापासकाका हे नाव त्यांना पहिल्यांदा कुणी ठेवलं, ते आता केंद्रात कुणालाच आठवत नाही. पण ते असं चिकटलं की बाहेरून येणाऱ्या एखाद्या पाकिटावरसुद्धा तेच नाव असायचं. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट पाकीट टेबलावर दोन दिवस मुद्दाम उताणं पडलेलं असे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावं.

त्यांच्या केंद्रात विजेवर चालणाऱ्या वस्तूंची परीक्षा होते. वस्तू चालते की नाही हे तिथं कुणी बघत नाही. ती चालते म्हणून तर तिचा मालक ती छातीशी धरून आणतो. तिथं बघतात ते वस्तूचं वागणं. विजेवरचं प्रत्येक यंत्र चालता चालता काहीतरी पुटपुटत असतं. ते पुटपुटणं माणसाला ऐकू येत नाही, पण शेजारच्या यंत्राला येतं आणि ते बिथरतं. मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो, तो त्यातलाच प्रकार. रेडिओ खरखरला तर कुणाचं काही बिघडत नाही, पण दवाखान्यातलं एखादं यंत्र बिथरलं तर बिघडतं. म्हणून परीक्षा दोन. पहिली, आपण फार पुटपुटायचं नाही. दुसरी, शेजाऱ्यानं कितीही पुटपुटलं तरी आपण आपलं काम सोडायचं नाही. काका म्हणत, या दोन परीक्षा माणसांना लावल्या तर आमच्या इमारतीत एक बिऱ्हाड शिल्लक राहायचं नाही.

खरी परीक्षा मोठ्या खोलीत होई. ती खोली म्हणजे केंद्राची शान. भिंतींना आतून निळे टोकेरी फोम लावलेले, मध्ये फिरणारं टेबल, आणि यंत्र चालू असताना आत माणूस नाही. पण त्या खोलीची तारीख मिळायला आधी चाळणीतून जावं लागे, आणि चाळणी म्हणजे नापासकाका. ती छोट्या खोलीत होई. चारी बाजूंनी, वरून आणि खालून तांब्याचा पत्रा, दाराच्या कडांनाही तांब्याच्या पट्ट्या. बाहेरचं काही आत येऊ नये आणि आतलं काही बाहेर जाऊ नये, म्हणून. काका आत जात, दार लावून घेत आणि हातात दांडीला जोडलेलं बांगडीएवढं कडं धरून ते यंत्राच्या अंगाखांद्यावरून फिरवत. त्या कड्याला केंद्रात सगळे हुंगणी म्हणत. हुंगणीला जे कळे ते तारेतून बाहेरच्या पडद्यावर उमटे, आणि काका तो पडदा जाळीच्या काचेतून बघत. पडद्यावर खाली हिरव्या रंगाचं गवत, वर एक लाल रेघ. गवतातून एखादा सुळका उठून लाल रेघेच्या वर गेला की नापास. काका बाहेर येऊन मान हलवत. ती मान कशी हलते, यावर केंद्रात नकला होत.

तांब्याच्या खोलीच्या दाराशी एक पत्र्याचा ट्रे होता. आत जाणाऱ्यानं घड्याळ, फोन, गाडीची किल्ली, जे काही विजेवर चालतं ते सगळं त्यात काढून ठेवायचं. हा काकांचा तीस वर्षांचा नियम. एकदा पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी, माझं घड्याळ निराळं आहे, कधी त्रास देत नाही, असं सांगून बघितलं. काका म्हणाले, साहेब, इथं येणारा प्रत्येक जण आपल्या यंत्राबद्दल हेच सांगतो. साहेबांनी मुकाट्यानं घड्याळ काढलं.

काकांची दुसरी कीर्ती होती ती कानांची. वाईट चार्जर सूक्ष्म शीळ घालतो. ती बहुतेकांना ऐकू येत नाही, पण काकांना येई. पेटी टेबलावर ठेवली, वीज दिली, की काका डोळे मिटून मान तिरपी करत आणि म्हणत, ‘‘ही शिट्टी मारतेय. कडं फिरवायचीसुद्धा गरज नाही.’’ आणि तसंच निघे. नव्या लोकांना हे दाखवायला मॅडम, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, त्यांना खास काकांकडे पाठवत.

अशा माणसाला साठीच्या जवळ ऐकू येईनासं झालं तर त्यानं ते कुणाला सांगावं? काकांनी कुणालाच सांगितलं नाही. वर्षभर ते सगळ्यांच्या ओठांकडे बघत राहिले, हसण्याच्या जागी हसत राहिले, आणि दोन वेळा हसू नये तिथं हसले. शेवटी बायकोनंच त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दोन्ही कानांसाठी शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं दिली, कातडीच्या रंगाची, कानामागे बसणारी. ती कशी चालतात, कशी वापरायची, हे बाईंनी पाऊण तास समजावून सांगितलं. काका प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. घोळ एवढाच, की हे सगळं यंत्रं कानाला लावायच्या आधी झालं. काकांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. बरोबरचा माहितीचा कागद घरी आल्याआल्या खणात तळाशी गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे कागद बारकाईनं वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या यंत्राचा कागद हातात धरवेना.

मग त्यांनी केस वाढवले. कानांवर येतील इतके. केंद्रातल्या चष्मेवालीनं, म्हणजे मोठी खोली सांभाळणाऱ्या त्यांच्या सहकारी बाईनं, विचारलं की काका आता कविता करायला लागलात का. काका म्हणाले, न्हाव्याशी भांडण झालंय.

तर हे झालं दोन महिन्यांपूर्वी. आणि त्याच दोन महिन्यांत काकांच्या चाळणीतून एकही वस्तू खाली पडली नाही. नऊ आल्या, नऊच्या नऊ नापास. विजेवरचा दात घासायचा ब्रश, पाळण्यातल्या बाळाचं रडणं ओळखणारी पेटी, शिवणयंत्राची मोटर, नऊंचे नऊ धंदे. प्रत्येकीत तोच प्रकार: गवत शांत असतं, आणि मध्येच एका ठरावीक जागी सुळका उठतो, लाल रेघ ओलांडतो, बसतो, पुन्हा उठतो. ब्रशवाला तर तिथंच बाकावर बसून राहिला होता. काकांनी त्याला पाणी दिलं, पण पास दिला नाही.

सगळ्या सुळक्यांची जागा एकच आहे हे काकांच्या लक्षात आलं नसतं तर नवल. आलं होतं. त्यावर त्यांनी खूप विचार केला आणि निष्कर्ष काढला की बाजारात कुठला तरी नवा, हलका सुटा भाग आला आहे आणि सगळे उत्पादक तो डोळे मिटून वापरत आहेत. त्या भागाला त्यांनी ‘चोर’ असं नाव दिलं. चोराच्या सवयींवर दोन पानी टिपण लिहिलं, खाली सही केली, त्याखाली नऊ नावं जोडली आणि मॅडमना दिलं. मॅडमनी ते फलकावर लावलं आणि शुक्रवारी सगळ्या उत्पादकांना पत्र पाठवायचं ठरवलं. काका येताजाता फलकाकडे एक नजर टाकत. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना एवढं मोठं काम हातून व्हावं, याचं त्यांना बरं वाटत होतं.

अशातच बुधवारी दहावी वस्तू आली, आणि ती घेऊन आली चिंगी.

चिंगी म्हणजे काकांची मुलगी. वय चौतीस, पण घरात अजून चिंगीच. तिनं अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी घंटी बनवली होती. तळहातात मावेल असं बटण उशाशी ठेवायचं, दाबलं की लांब नर्सच्या टेबलावर घंटी वाजते, मध्ये तार नाही. दोन वर्षं ती त्यामागे होती, नोकरी सोडून. एका रुग्णालयाचा नवा विभाग सोमवारी उघडणार होता. तिथल्या मेट्रननी घंटी वापरून बघितली होती, चाळीस हव्या म्हणाल्या होत्या, पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत केंद्राचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या घेतो. मोठी खोली गुरुवारी तेवढी मोकळी होती. त्यानंतरची तारीख तीन आठवड्यांनी. म्हणजे बुधवारी चाळणीतून जाणं भाग होतं.

काका आधीच मॅडमकडे सांगायला गेले होते, की हे काम मला नको, मुलगी आहे. मॅडम हसल्या. म्हणाल्या, तुम्ही सख्ख्या मुलीला सोडणार नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुम्हीच करा.

चिंगीनं ट्रेमध्ये घड्याळ, फोन, किल्ली, केसांची पिनसुद्धा ठेवली. पिन चालते, असं काका म्हणाले, पण तिनं ठेवलीच. लहानपणापासून या ट्रेच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली. नियमाप्रमाणे आधी रिकामी खोली बघितली. दोघं बाहेर, दार बंद, पडद्यावर नुसतं गवत. मग काका घंटी घेऊन आत गेले, दार लावलं, हुंगणी उचलली.

सुळका उठला.

काकांचा हात थोडा खाली आला. त्यांनी पुन्हा फिरवून बघितलं. पुन्हा उठला. चोराचीच जागा, चोराचीच चाल. ते बाहेर आले. मान हलवायची होती, पण ती नेहमीसारखी हलेना.

‘‘तू पण तोच भाग वापरलास,’’ ते म्हणाले.

चिंगीनं फलकावरचं टिपण सकाळीच वाचलं होतं. ती म्हणाली की त्या जागी ओरडेल असं माझ्या पेटीत काही नाहीच. काका म्हणाले, सगळे हेच म्हणतात. ती म्हणाली, सगळ्यांचं मला माहीत नाही, ही पेटी मी हातानं जोडली आहे. मग ती आत गेली, घंटीची बॅटरी काढून बाहेर घेऊन आली आणि बाबांच्या हातात ठेवली.

‘‘आता बघा.’’

काका आत गेले, दार लावून घेतलं. मेलेल्या घंटीवरून हुंगणी फिरवली. जाळीच्या काचेपलीकडे चिंगी पडदा अडवून उभी होती आणि त्याकडे बघत होती. तिनं हळूच एक बोट वर केलं. सुळका होता. बॅटरी नसलेली पेटी ओरडत होती.

तीस वर्षांत काकांनी पुष्कळ निर्लज्ज यंत्रं बघितली होती, पण मेल्यावर बोलणारं हे पहिलंच. बाहेर येऊन ते म्हणाले की आत कुठंतरी वीज साठून राहिली असेल. चिंगी म्हणाली, राहिली असेल, मग मी एकटी आत जाते, तुम्ही पडदा बघा. ती आत गेली, हुंगणी फिरवली. गवत. नुसतं, सपाट, शहाणं गवत. ती बाहेर आली, काका आत गेले. तिनं बोट वर केलं.

मग बापलेकींनी ते तीनदा केलं. चिंगी आत, गवत. काका आत, सुळका. चष्मेवाली मोठ्या खोलीतून काहीतरी आणायला निघाली होती, ती थांबून बघत राहिली. तिसऱ्या वेळी चिंगीनं दारातूनच विचारलं की बाबा, खिशात काय आहे. खिशातून निघालं ते असं: एक रुमाल, एक लाकडी कंगवा, खोकल्याची एक गोळी आणि चष्म्याचा हरवलेला म्हणून आठवडाभर शोधलेला स्क्रू. विजेवर चालणारं काही नाही.

काकांनी दार लावलं आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. हुंगणी स्वतःवर फिरवायला सुरुवात केली. बुटांपासून. दार बंद असलं की आत काही ऐकू येत नाही, म्हणून चिंगी बाहेरून हातानं सुळक्याची उंची दाखवत होती. बुटाशी तिचा हात गुडघ्याजवळ. पट्ट्याशी, कमरेजवळ. शर्टाच्या गुंड्यांवरून हुंगणी वर येत गेली तसतसा काचेपलीकडचा हातही वर चढत गेला. हुंगणी छातीवर आली, हात खांद्यापर्यंत. हुंगणी कॉलरपाशी आली, आणि चिंगीचा हात डोक्याच्या वर गेला.

काका तिथंच थांबले. आणखी वर न्यायची गरज नव्हती.

कसं, ते त्यांना अर्ध्या मिनिटात उमगलं. दोन कानांतली दोन यंत्रं. ती एकमेकांशी बोलत असणार, उजवं डावीकडे, डावं उजवीकडे, थोड्या थोड्या वेळानं, म्हणजे दोन्हीकडे आवाज सारखा लागावा. डॉक्टरीणबाईंनी पाऊण तासात बहुतेक हेच सांगितलं असणार. ट्रेच्या नियमाच्या तीस वर्षांच्या राखणदारानं दोन महिने रोज दोन बोलघेवडी यंत्रं कानांत घालून तांब्याच्या खोलीत नेली होती, आणि नऊ निरपराध वस्तूंवर वाकून त्यांना वाचाळ ठरवलं होतं.

त्यांनी काचेकडे पाठ केली. केस सारखे करतो आहोत अशा बेतानं दोन्ही यंत्रं काढली, बॅटरीची चिमुकली झाकणं उघडून यंत्रं बंद केली आणि मुठीत धरली. जग एकदम रजईखाली गेल्यासारखं झालं. मग त्यांनी हुंगणी घंटीवर धरून वळून बघितलं. चिंगीचे दोन्ही हात टाळ्या वाजवत होते.

आता फार सोपं होतं. बाहेर यायचं, आपल्याकडची तार सैल होती असं म्हणायचं, आणि मूठ खिशात घालायची. चिंगीला उद्याची मोठी खोली मिळाली असती. केस तर वाढलेलेच होते. काका दार उघडून बाहेर आले. चिंगी काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले त्यांना दिसले, इतकंच. त्यांनी तोंड उघडलं, आणि नजर सवयीनं फलकाकडे गेली. दोन पानं, झोकदार सही, खाली नऊ नावं. तिसरं नाव ब्रशवाल्याचं. त्याला दिलेलं पाणी त्यानं न पिताच ठेवलं होतं, हे काकांना आत्ता आठवलं.

त्यांनी मूठ ट्रेवर नेली आणि उघडली. दोन शेंगदाणे पत्र्यावर पडले. टक असा आवाज झाला असणार.

‘‘मॅडम,’’ काका म्हणाले, ‘‘चोर सापडला.’’

आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते मोठ्या खोलीत, वरच्या मजल्यावर आणि बाहेर पहारेकऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोचलं. मॅडम खोलीतून बाहेर आल्या. काकांनी ट्रेकडे बोट दाखवलं, मग फलकाकडे, मग स्वतःच्या कानाकडे. समजवायला फार वेळ लागला नाही. मॅडम काहीतरी लांबलचक बोलल्या. काका म्हणाले, ‘‘रागवा, पण लिहून रागवा.’’

मॅडमनी फलकावरून टिपण काढलं, उलटं केलं आणि पाठीमागे लिहिलं: ‘पत्रं परवा जाणार होती. नऊ फोन तुम्हीच करायचे.’ मग खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘एवढं लपवायचं काय होतं? माझ्या वडिलांकडेही आहेत.’

काकांनी ते वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला, आणि हट्टानं म्हणाले की आता चिंगीची चाळणी मी करणार नाही, माझं आजचं सगळं रद्द धरा, पहिल्यापासून चष्मेवालीनं करावं. चिंगीनं कपाळाला हात लावला. सुटल्यासारखी वाटणारी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यायला लावणारा बाप तिच्याच वाट्याला यायचा होता.

आणि काकांचा हट्ट फुकट गेला नाही. चष्मेवालीनं घंटीत बॅटरी परत घालून अगदी सावकाश हुंगणी फिरवली, तेव्हा मोठ्या सुळक्याच्या गोंगाटात आधी न दिसलेला एक बारका सुळका दिसला. हा मात्र घंटीचाच होता. लाल रेघेला नुसतं डोकं टेकवून उभा. काकांनी पेटी उघडायला लावली, आत डोकावले, आणि त्यांचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा खुलला. नर्सच्या टेबलावरच्या भागात एक तार उगीच वळसे घेत झाकणापर्यंत गेली होती.

‘‘एवढी लांब जीभ कशाला ठेवलीस हिला? कुठं जाते ही?’’

चिंगीनं वर बोट केलं. झाकणावर एक छोटा तांबडा दिवा होता. घंटी वाजली की तोही लागायचा.

‘‘घंटीला दिवा कशाला?’’

ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, ओठांवरून वाचता यावं असं. ‘‘ज्यांना ऐकू येत नाही, आणि तसं सांगायचंही नसतं, त्यांच्यासाठी.’’

काकांनी दिव्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘‘तुला कधीपासून माहीत होतं?’’

चिंगीनं त्यांच्या केसांकडे बघितलं आणि नुसती भुवई उडवली. तुमच्या न्हाव्याला गेल्या आठवड्यात विचारलं, असं काहीसं ती म्हणाली, पण ते चष्मेवालीला हसताना बघून काकांनी अंदाजानं ओळखलं.

तार अर्ध्या तासात आखूड झाली. बारका सुळका गवतात मिटला. गुरुवारी घंटी मोठ्या खोलीत फिरत्या टेबलावर बसली, दोन्ही परीक्षा पास झाली, आणि शुक्रवारी दुपारी प्रमाणपत्र मेट्रनच्या टेबलावर पोचलं.

नऊ फोन काकांनी गुरुवारीच केले, यंत्रं कानांत घालून, एकेकाला सगळं खरं सांगून. बाळाच्या पेटीवाल्या बाई इतक्या हसल्या की मागे त्यांचं बाळ उठलं. शिवणयंत्रवाल्यानं जरा बोलून घेतलं, ते काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. आता ऐकू येत असल्यामुळे इलाज नव्हता. ब्रशवाल्यानं पहिल्यांदा फोनच ठेवून दिला, त्याला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. दुसऱ्यांदा विचारलं, म्हणजे माझा ब्रश नीट आहे? काका म्हणाले, ब्रश नीट असेल, नसेलही, ते परवा कळेल. या वेळी मी गप्प राहून बघेन. नऊपैकी सात चाळणीतून गेले. ब्रश नापासच झाला, पण दुसऱ्याच एका कारणानं, आणि ते कारण काकांनी त्याच्या शेजारी बसून दूर करून दिलं.

आता काका तांब्याच्या खोलीत जाताना सगळ्यांच्या देखत केस मागे सारतात, दोन्ही यंत्रं काढतात, झाकणं उघडतात आणि ट्रेमध्ये ठेवतात. केस खरं तर आता कापलेले आहेत, सारण्याची सवय तेवढी राहिली आहे. आत गेल्यावर त्यांना काहीच ऐकू येत नाही, म्हणून चिंगीनं पहिली घंटी केंद्राला दिली. ती आत नेता येत नाही, तांबं तिचं ऐकणार नाही आणि काका तिला आत येऊ देणार नाहीत. म्हणून दिव्याचा भाग जाळीच्या काचेबाहेर टांगला आहे आणि बटण चष्मेवालीच्या टेबलावर. काम असलं की ती दाबते. काम नसलं तरी दाबते. दिवा लागतो, काका यंत्रावरून मान न उचलता डावा हात वर करतात, म्हणजे दिसलं, आणि हुंगणी फिरवत राहतात.